इंजिनाचा कोंडमारा

घरात मोटार आली म्हणजे घरात एक माणूस वाढते, असे माझ्या सासूबाई म्हणतात. तिला खायला लागते, प्यायला लागते, आणि वर्षातून एकदा तिचे आजारपणही काढावे लागते. त्यांच्या या म्हणण्यात किती तथ्य आहे, हे गेल्या मे महिन्यात मला पुरते पटले. आमच्या गाडीला चक्क दमा झाला!

गाडी आठ वर्षांची, डिझेलवर चालणारी आणि टर्बोची. एक लग्न उरकून आम्ही मुंबईहून डहाणूला परत येत होतो. गाडीत पाच माणसे, डिकीत लग्नघरचे सामान. मनोर मागे पडले, मेंढवणची खिंड चढू लागलो आणि आरशात पाहतो तो मागे निळा धूर!

"अहो, हा धूर आपल्याच गाडीचा का हो?" सौभाग्यवतींनी विचारले.

मी मराठीचा प्राध्यापक. शब्दाला प्रतिशब्द सुचवणे हा माझा धंदा. पण या प्रश्नाला उत्तर सुचेना.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गॅरेजात गाडी नेली. तिथल्या गृहस्थांनी बॉनेट उघडले, हवेच्या नळीत बोट घातले, तेलाने माखलेले बोट मला दाखवले आणि निकाल दिला, "टर्बो गेला. रिंगाही गेल्या असणार. इंजिन उघडावं लागेल. ऐंशी हजार धरून चाला." मुलीच्या कॉलेज-प्रवेशासाठी बाजूला ठेवलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती. एका स्नेह्यांनी मात्र फुकटचा तोडगा सांगितला, "ब्रीदरची नळी काढा आणि खाली रस्त्याकडे सोडून द्या. कितीतरी ट्रकवाले तेच करतात!"

मी या दोन सल्ल्यांच्या कात्रीत सापडलेला पाहून एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमचा ट्रक तलासरीला ज्या मिस्त्रींकडे जातो, त्यांना एकदा दाखवा तरी."

मिस्त्रींची परीक्षा

चारोटी नाक्यावरून उत्तरेला वळलो, महालक्ष्मीला गाडीतूनच हात जोडले आणि तलासरी गाठली. महामार्गाच्या कडेला पत्र्याची शेड, समोर दोन ट्रक पोट उघडून पडलेले. मिस्त्री साठीचे. त्यांनी आधी तेलाची पट्टी काढून पाहिली. मग इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण हलकेच सैल केले. ते कढईवरच्या झाकणासारखे थडथडू लागले.

"बॅक मारते आहे," मिस्त्री म्हणाले. "पण झाकण थोडं तर नव्या डिझेलचंही नाचतं. तेवढ्यावरून इंजिन खोलायचं नसतं, सर."

त्यांनी पाणी भरलेली एक पारदर्शक वाकडी नळी आणली आणि तिचे एक टोक पट्टीच्या भोकाला घट्ट बसवले. इंजिन जरा तापवताच नळीतले पाणी वीतभर सरकले. मिस्त्रींनी मान डोलावली. "बघा. पोटात वारा कोंडलाय. आता तो का कोंडलाय, ते शोधायचं."

पोटातला वारा येतो कुठून?

वाचकहो, हे पोट म्हणजे इंजिनाचा खालचा भाग, क्रँककेस. तिथे तेल असते आणि पिस्टनांना जोडलेला दांडा फिरत असतो. पिस्टनाला रिंगा असतात. पण रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी वर होणाऱ्या स्फोटाचा थोडा वायू फटीतून खाली निसटतोच. नव्या इंजिनातही निसटतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. आमच्या मिस्त्रींच्या भाषेत 'बॅक'. त्या वायूत न जळलेले इंधन, पाण्याची वाफ, आम्ले आणि तेलाचे सूक्ष्म तुषार असतात.

टर्बोच्या गाडीत हे प्रकरण वाढते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. आल्फ्रेड ब्यूकी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. जादा हवा म्हणजे जादा दाब, आणि जादा दाब म्हणजे रिंगांवरून निसटणारा जादा वायू. शिवाय टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याला सतत तेल लागते, आणि ते तेल आपल्याच वजनाने एका नळीतून खाली पोटात उतरते.

आता गंमत पाहा. पोटात वारा कोंडला तर वरून येणाऱ्या तेलाला खाली उतरता येत नाही. ते टर्बोतच तुंबते आणि सीलमधून बाहेर पडते. काही हवेच्या नळीत जाते, काही धुराच्या. मागे निळा धूर निघतो आणि सगळे म्हणतात, टर्बो गेला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. बिचाऱ्या टर्बोला तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

पोटातला वारा बाहेर काढण्यासाठी ब्रीदर असतो. आमच्यासारख्या गाडीत तो वायू आधी एका गाळणीतून जातो. तेलाचे थेंब तिथे वेगळे होऊन पोटात परततात आणि उरलेला वायू टर्बोच्या आधी हवेच्या नळीत मिसळून पुन्हा इंजिनात जळतो. टर्बोच्या पेट्रोल गाडीत दोन वाटा असतात. गाडी संथ असताना इंजिनाच्या ओढीने वायू आत खेचला जातो. टर्बो जोर धरू लागला की ती वाट झडपेने बंद होते आणि टर्बोच्या आधीची दुसरी वाट कामाला लागते. नाहीतर टर्बोचा दाब उलटा पोटातच शिरायचा.

मिस्त्रींनी आमच्या गाडीची गाळणी सोडवली. आत काळा, लोण्यासारखा गाळ! जवळच्या अंतरावर कॉलेजला जायचे, इंजिन नीट तापायच्या आत बंद करायचे आणि तेलबदल पुढच्या महिन्यावर ढकलायचा, हा माझा आठ वर्षांचा शिरस्ता. त्याचा तो पुरावा होता. पुढची रबरी नळीही फुगून आतून चिकटली होती.

फुकटचा तोडगा

"मग नळी खालीच सोडून दिली तर?" मी भीत भीत विचारले.

"आणि तिचं दुसरं तोंड? ते उघडं राहिलं तर महामार्गाची सगळी धूळ फिल्टर चुकवून थेट टर्बोत," मिस्त्री म्हणाले. "शिवाय तेल ठिबकणार रस्त्यावर. पहिल्या पावसात मागून येणारा मोटारसायकलवाला घसरला तर?"

हा तोडगा पूर्वी साऱ्या जगाचा होता. जुन्या मोटारींना पोटातला वारा रस्त्यावर सोडणारी एक नळीच असे. मग लॉस एंजेलिसमध्ये डोळे झोंबवणारे धुके पडू लागले. अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारे हागेन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले आणि १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, न जळलेल्या इंधनाच्या वाफा आणि धुरातले वायू यांच्यावर ऊन पडून हे धुके तयार होते. मोटारीतून निसटणाऱ्या अशा वाफांचा सुमारे पाचवा हिस्सा या नळीतून येत होता. म्हणून १९६१ सालच्या नव्या मोटारींपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून साऱ्या अमेरिकेत हा वारा पुन्हा इंजिनाकडे वळवण्यात आला. मोटारीच्या प्रदूषणावरचा हा पहिला मोठा उपाय.

आणि आम्ही तर डहाणूकर! १९९१ साली आमचा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, आणि त्याच्या आग्रहाने इथल्या वीजकेंद्राच्या चिमणीलासुद्धा आपला धूर धुऊन सोडावा लागला. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांला कोण अभिमान! त्याच वाड्यांच्या रस्त्यावरून मी तेलाची वाफ सोडत जायचे? ते काही मनाला पटेना.

धोका आणि पथ्य

गाळणी आणि नळी नवी बसली, टर्बोची उतरती नळी साफ झाली, तेल बदलले. पुन्हा पाण्याची नळी लावली. पाणी जेमतेम बोटभर हलले. सारा खर्च पाच हजारांच्या आत. मिस्त्रींनी स्वच्छ सांगितले, "रिंगा थोड्या झिजल्यात, सर. आणखी काही वर्षं काढतील. पण दुर्लक्ष करू नका."

दुर्लक्षाची शिक्षा फार मोठी असते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवेच्या नळीत खूप तेल साचले तर इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते. मग चावी काढली तरी ते थांबत नाही, स्वतःला मोडून घेईपर्यंत पळत सुटते.

म्हणून मिस्त्रींनी सांगितलेले पथ्य इथे देतो. तेल पट्टीच्या दोन खुणांच्या मधेच असावे. जास्त भरलेले तेल घुसळून त्याचे तुषार उडतात. तेल वेळेवर बदलावे. फेऱ्या जवळच्या असतील तर अधिक लवकर. हवेचा फिल्टर तुंबू देऊ नये. तुंबला की ओढ वाढून तेलही खेचले जाते. हवेच्या नळीत तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नये. पण तेल साचलेले दिसले, पट्टी आपोआप वर आली, सील पाझरू लागले, किंवा झाकण निघता निघेना आणि शिटीसारखा आवाज येऊ लागला, तर ब्रीदर दाखवावा. आणि धूर दिसला तर क्रम पाळावा. आधी तेलाची पातळी, मग फिल्टर, मग ब्रीदर, मग टर्बोची उतरती नळी. टर्बो आणि रिंगा सर्वांत शेवटी.

परतताना संध्याकाळ झाली होती. आरशात नुसता रस्ता दिसत होता. घरी पोहोचल्यावर सासूबाईंनी विचारले, "काय झालं होतं हो तिला?"

"मनातलं बोलायला वाट नव्हती," मी म्हणालो.

"मग माणसासारखंच की!" त्या म्हणाल्या, आणि मुलीच्या प्रवेशाचे पैसे ठेवलेल्या कपाटाची किल्ली त्यांनी पुन्हा कमरेला खोचली.