गोठ्याला कोणता ट्रॅक्टर?

संगमनेर-राहात्यापासून बारामती-अकलूजपर्यंत कुठल्याही दूधपट्ट्यात ट्रॅक्टर घ्यायचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला, 'कंपनी कोणती?' लाल, निळा, हिरवा असे पक्ष पडतात आणि ते बहुतेक वडिलोपार्जित असतात. गंमत अशी, की ज्यांच्यासाठी पारावर भांडणं होतात त्यातल्या अनेकांचा मालक एकच आहे. स्वराज 2007 पासून महिंद्राच्या घरात आहे. आयशरचा ट्रॅक्टर 2005 पासून 'टाफे'चा, म्हणजे भारतात मॅसी फर्ग्युसन बनवणाऱ्यांचाच. फार्मट्रॅक, पॉवरट्रॅक आणि कुबोटा आता एकाच एस्कॉर्ट्स कुबोटाच्या छत्राखाली आहेत.

नांगरटीसाठी पक्षनिष्ठा खपून जाते. गोठ्याचं काम वेगळं. तिथे नांगर वर्षातून थोडे दिवस. बाकी रोज वैरण आणणं, कुट्टी करणं, शेण ओढणं आणि हंगामात मुरघास. ट्रॅक्टर बराच वेळ एका जागी उभा राहून पीटीओ, म्हणजे जोडलेली मशीन चालवणारा मागचा शाफ्ट, फिरवतो, नाहीतर गोठ्याच्या बोळात पुढे-मागे करत असतो. म्हणून जाहिरातीतल्या इंजिनाच्या एचपीपेक्षा पीटीओवर किती एचपी मिळते ते बघायचं. दोन्हींत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सहज पडतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्ट किती उचलते, ओझं वाढल्यावर इंजिन किती जोर राखून आहे, हे सगळं मोजलेलं मिळतं. शोरूममध्ये तो अहवाल मागणारं गिऱ्हाईक विरळाच.

आता क्लचकडे येऊ, कारण गोठेवाल्याचे पैसे खरे तिथेच वाचतात किंवा बुडतात. एका ओळीचं मका हार्वेस्टर जोडून ट्रॅक्टर रानात चाललाय. पुढे आडवा पडलेला दाट मका येतो, मशीनचा आवाज जड होतो. चालक क्लच दाबतो. सिंगल क्लच असेल तर चाकं थांबतात आणि त्याच क्षणी पीटीओही थांबतो. अर्धवट कापलेला मका पात्यांत अडकून बसतो. मग खाली उतरा, इंजिन बंद करा, हाताने चिपाडं उपसा. डबल क्लच असेल तर पेडल अर्धंच दाबायचं: ट्रॅक्टर उभा राहतो, मशीन फिरत राहतं, तोंडातला मका गिळून मोकळं होतं. आयपीटीओला, म्हणजे चाकांच्या क्लचपासून स्वतंत्र पीटीओला, वेगळा दांडा असतो, तो त्याहून सोयीचा. बेलरलाही हाच न्याय. मात्र एकाच मॉडेलमध्ये सिंगल आणि डबल असे दोन्ही प्रकार विकले जातात, तेव्हा बिलावर नेमका प्रकार लिहून घ्यावा.

इंजिनाच्या स्वभावातही फरक आहे. महिंद्राचं 575 डीआय 2730 सीसीचं आणि 1900 आरपीएमचं. कुबोटाचं एमयू 4501 हे 2434 सीसीचं, पण 2500 आरपीएमवर फिरणारं. दोन्ही साधारण 45 एचपीच्या वर्गातले. जुन्या चालकांचा ओढा संथ, मोठ्या इंजिनाकडे असतो, माझाही आहे. कुबोटात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे आणि जनावरांजवळ तासन्‌तास चालवायचं तर ते सुख थोडं नाही, हेही खरं.

50 एचपीच्या वर गेलात, की जानेवारी 2023 पासून लागू झालेले धुराच्या प्रदूषणाचे ट्रेम-4 नियम येतात. त्यासाठी बहुतेकांनी कॉमन रेल इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण घेतलं. किंमत वाढलीच, शिवाय गावच्या मिस्त्रीचा हात तिथे चालत नाही. बहुतेक गोठ्यांना 45 ते 50 पुरतं.

वजनाकडे कुणी बघत नाही. मुरघासाच्या खड्ड्यात हवा राहिली तर चारा सडतो, म्हणून ट्रॅक्टरने तुडवतात. तासाला जितके टन चारा पडेल त्याच्या दर टनामागे सुमारे 400 किलो वजन तुडवायला हवं, असा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. म्हणजे दोन टनांचा ट्रॅक्टर तासाला पाच टनच नीट दाबेल. हलका, डौलदार ट्रॅक्टर इथे हरतो.

लोडर बसवायचा असेल तर पुढचा ॲक्सल दणकट, पॉवर स्टिअरिंग आणि शक्यतो फोर व्हील ड्राइव्ह. रोज पुढे-मागे करून क्लचप्लेट जळते, तेव्हा एकाच दांड्याने पुढे-मागे करणारा शटल गिअर मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत. ब्रेक तेलातले हवेत. शेण-पाण्यात कोरडे टिकत नाहीत. कुट्टीची धूळ रेडिएटरच्या जाळीवर थापली जाते, म्हणून जाळी हाताने निघते का ते बॉनेट उघडून बघा.

इतकं जुळलं की मग कंपनी. मोठ्या इंजिनासाठी, साधेपणासाठी आणि गावोगावच्या मिस्त्रींसाठी स्वराज-महिंद्रा. पीटीओच्या आणि ब्रेकच्या सोयींसाठी जॉन डिअर, ज्याचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीलाच आहे, किंवा न्यू हॉलंड. पण नांगरट दोन दिवस लांबली तर चालते, गायीची वैरण एक दिवसही लांबत नाही. म्हणून ज्याचा मेकॅनिक त्याच दिवशी दारात येतो, तो ब्रँड माझ्या यादीत वर. दहा गायींच्या मालकाने तर विजेच्या मोटारीवरची कुट्टी आणि भाड्याचं हार्वेस्टर यांचा हिशेब आधी करावा, तो बहुधा स्वस्त पडेल.

सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि शोरूममध्ये गर्दी वाढली. घाई करू नका. मोकळ्या रानातला डेमो घेऊ नका. आपलंच हार्वेस्टर किंवा कुट्टी मशीन जोडून, ओल्या मक्यावर तासभर चालवून मागा. डीलर नाही म्हणाला, तर दुसऱ्या डीलरकडे जा.