वाळूला दगड करणारे सिमेंट
लेखमाला: पायाखालचा इतिहास, लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण नदीने वाळू घासली, निवडली आणि खोलगट भागात नेऊन टाकली, इथपर्यंत आलो होतो. पण साचलेली वाळू म्हणजे वालुकाश्म नव्हे. ताज्या वाळूच्या थरात जवळपास ४० टक्के जागा रिकामी असते आणि ती पाण्याने भरलेली असते. वरून गाळाचे ओझे वाढले की कण जवळ सरकतात, पण क्वॉर्ट्झचे टणक कण नुसत्या जवळिकीने चिकटत नाहीत. त्यांचा दगड होतो तो फटींतल्या पाण्यातून नवे खनिज तिथेच वाढते म्हणून. भूवैज्ञानिक या खनिजाला सिमेंट म्हणतात. राजगिऱ्याच्या लाडवात गूळ जे काम करतो, तेच इथे हे खनिज करते. ते किती आहे आणि कुठल्या जातीचे आहे, यावर दगड टिकणार की हाताने भुरभुरणार हे ठरते. वालुकाश्म ओळखायला शिकताना सगळे जण आधी कणांकडे पाहतात. मला वाटते, आधी सिमेंट पाहावे.

आणि ते पाहायला गाळ साचतो त्या खोलगट भागाचा, म्हणजे द्रोणीचा, काठ गाठावा. द्रोणीच्या मध्यभागी बारीक चिखल आणि चुनखडीचे थर साचतात, त्यांतून पाणी सहजी हलत नाही. काठाला मात्र नद्या डोंगरातून उतरून गोटे आणि जाड वाळू टाकतात. त्यात फटी मोठ्या, म्हणून वाटा मोकळ्या. आतल्या थरांतून पिळून निघालेले खनिजयुक्त पाणी याच वाटांनी वर आणि बाहेर येते, आणि पावसाचे प्राणवायू असलेले पाणी याच काठाने आत उतरते. दोन वेगळ्या स्वभावांच्या पाण्यांची गाठ जिथे पडते, तिथे थोड्याशा अंतरात सिमेंट बदलते.

आपल्याला जवळची अशी द्रोणी म्हणजे कलादगी. बागलकोट, बेळगाव भागात ती उघडी दिसते. पश्चिमेला दख्खनच्या काळ्या कातळाखाली ती झाकली गेली आहे आणि कोल्हापूर, सिंधुदुर्गात मधूनमधून डोके वर काढते. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ‘दक्षिण मराठा प्रदेशा’च्या भूरचनेवर लिहिलेला ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८७० च्या दशकात प्रसिद्ध केला, तेव्हापासून या खडकांचा अभ्यास चालू आहे. त्यांत दोन मोठे गट आहेत. खालचा, जुना बागलकोट गट कललेला, घड्या पडलेला. वरचा बदामी गट जवळजवळ आडवा. दोहोंच्या मध्ये फार मोठ्या काळाचा खंड आहे: जुने थर मुरडले, वर आले, झिजले, आणि मग त्या झिजलेल्या जमिनीवर नवी वाळू येऊन पडली. दोन्ही गट शंखशिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर येण्याआधीचे.

सौंदत्तीला यल्लमाच्या दर्शनाला महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य लोक जातात. तिथले डोंगर जुन्या गटाच्या तळाच्या वाळूचे आहेत, आणि जवळच नविलतीर्थाला मलप्रभेने याच खडकात अरुंद घळ कापली आहे. धरण बांधायला ती जागा निवडली गेली. या दगडाचा ताजा तुटलेला काठ भिंगाखाली धरला तर कण वेगळे दिसतच नाहीत. साधा वालुकाश्म कणांच्या कडेने फुटतो, कारण सिमेंट कणांपेक्षा कमजोर असते. हा मात्र कणांच्या आरपार फुटतो. फटी क्वॉर्ट्झनेच भरल्या आहेत, म्हणजे कण आणि सिमेंट एकाच खनिजाचे.

हे कसे घडते, ते सूक्ष्मदर्शकाखाली फार सुंदर दिसते. दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घेतला की त्यातून प्रकाश जातो. मूळ वाळूचा गोल कण दिसतो, त्याच्या कडेने लोह किंवा चिकणमातीच्या धुळीची बारीक रेघ, आणि त्या रेघेच्या बाहेर स्वच्छ, नितळ क्वॉर्ट्झ. हा बाहेरचा क्वॉर्ट्झ मनमानी वाढत नाही. आतल्या कणाच्या अणूंची जी मांडणी, तीच धरून तो वाढतो. ध्रुवित प्रकाशात काप फिरवला तर कण आणि त्याची वाढ एकाच वेळी काळी पडतात आणि एकाच वेळी उजळतात. नदीने घासून गोल केलेला कण फटीत पुन्हा स्फटिकासारखा कोनदार होऊ लागतो. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८८० साली हे वर्णन केले. या वाढीला लागणारी सिलिका, म्हणजे क्वॉर्ट्झचेच द्रव्य, येते कुठून? काही, फेल्स्पार हे खनिज कुजून चिकणमाती होताना सुटते. काही, कण एकमेकांवर दाबले जातात त्या बिंदूंवर विरघळते आणि शेजारच्या फटीत जाऊन बसते. ही वाढ फार संथ असते आणि साधारण ७०-८० अंश सेल्सिअसच्या वर तिला वेग येतो, म्हणजे थर दोन-अडीच किलोमीटर खोल गेला की. कणांवर चिकणमातीचे सलग आवरण असेल तर ती खुंटते, कारण नव्या क्वॉर्ट्झला पाय रोवायला जागाच उरत नाही.

बदामीचा दगड निराळा. बदामीजवळची बनशंकरी ज्यांची कुलदेवता, त्या घरांना हे गाव परके नाही. इथल्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे. इथेही क्वॉर्ट्झची वाढ आहे, पण तिच्या जोडीला लोहाचे ऑक्साइड, हेमॅटाइट, कणांभोवती बसले आहे. त्याचे प्रमाण एक-दोन टक्के असले तरी सारा कडा तांबडा दिसायला ते पुरते. पुरेसा भक्कम, तरी छिन्नीला दाद देणारा असा हा दगड चालुक्यांच्या शिल्पकारांना मिळाला. खांबांवर, छतावर तांबड्या आणि फिकट पट्ट्या मूर्तींच्या अंगावरून सरळ गेलेल्या दिसतात. अशी पट्टी थराला धरून चालली आहे की त्याला छेदून, हे जरूर पाहावे. छेदून जात असेल, तर तो रंग वाळू पडताना आला नाही. नंतर फटींतून फिरलेल्या पाण्याने आणला.

याच बदामी गटाच्या तळाशी, बेळगाव जिल्ह्यातल्या देशनूरजवळ, युरेनियम सापडले आहे. प्राणवायू असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळून प्रवास करते. तो प्राणवायू संपतो अशा जागी ते खनिज होऊन खाली बसते. काठाजवळचा सच्छिद्र वालुकाश्म आणि त्याखालचा जुना खडक, यांच्या सीमेवर अशा जागा शोधल्या जातात. कॅनडातल्या अथाबास्का द्रोणीतले जगप्रसिद्ध साठे याच धर्तीचे आहेत.

आता सह्याद्री उतरून कणकवली तालुक्यात या. कासार्डे आणि फोंड्याच्या परिसरात कलादगीचाच वालुकाश्म आहे, पण तो इतका भुसभुशीत की सिलिका वाळूच्या खाणी तिथे चालतात आणि ही वाळू काचेच्या व ओतकामाच्या कारखान्यांना जाते. कण क्वॉर्ट्झचेच, सौंदत्तीच्या दगडातले असावेत तसे. उणीव आहे ती त्यांना धरून ठेवणाऱ्या द्रव्याची.

या सगळ्याचा आपल्या जुन्या देवळांशी थेट संबंध आहे. वालुकाश्माच्या भेगा बाजारच्या पोर्टलँड सिमेंटने बुजवल्या की दगडातल्या पाण्याचा नेहमीचा मार्ग बंद होतो. मग ते शेजारच्या मूळ दगडातून बाहेर पडते, नव्या सिमेंटमधले क्षार तिथे नेऊन ठेवते, आणि हे क्षार स्फटिक होताना कोरीव कामाचे पापुद्रे सुटतात. गावच्या देवळाची डागडुजी निघाली तर आधी एवढे विचारा की दगड कुठला आणि त्यात सिमेंट कुठले. भेगा बुजवायच्या मालाचा दर्जा पुरवठादाराच्या यादीवरून ठरवू नका.

बदामीला जाल तेव्हा दहापट मोठे दाखवणारे भिंग न्या. चुनखडीचे सिमेंट ओळखण्यासाठी भूवैज्ञानिक सौम्य आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का ते पाहतात, पण लेण्यांत हातोडी आणि आम्ल, दोन्हींना मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. रस्त्याकडेला पडलेला तुकडा उचला, तुटलेली बाजू उन्हात धरून हळूहळू फिरवा. बारीक सपाट पृष्ठे चमकली, तर ती क्वॉर्ट्झच्या वाढीची असू शकतात.