मेलेल्यांची नोंद कोण करतं? १८९७ चा पुण्यातला प्लेग आणि संशोधनाचा प्रश्न

पीएच.डी.साठी संशोधन आराखडा लिहायला घेतला की बऱ्याच जणांच्या वहीत पहिल्या पानावर असे विषय असतात: 'इतिहासातील मृत्यू आणि हिंसा', 'मराठी साहित्यातील हिंसेचे चित्रण', 'हिंसेचे तत्त्वज्ञान : एक अभ्यास'. ऐकायला विषय भारदस्त वाटतात. पण मुलाखतीत समोरचे सर किंवा मॅडम एवढंच विचारतात, "कोणाचा मृत्यू? आणि तो तुम्हाला कुठे सापडणार आहे?" इथे गाडी अडते. कारण वहीत लिहिलेला असतो तो विषय, आणि संशोधनाला लागतो प्रश्न.

विषयापासून प्रश्नापर्यंत कसं जायचं, हे आज एकाच उदाहरणातून पाहू. उदाहरण सगळ्यांना शाळेपासून माहीत असलेलं आहे: १८९७ सालचा पुण्यातला प्लेग आणि रँडचा वध. नेट-सेटच्या तयारीत हा प्रसंग आपण तारखांसकट पाठ करतो. म्हणूनच तो घेतलाय. ओळखीच्या गोष्टीतून नवीन प्रश्न काढता आला तर अनोळखी गोष्टीतूनही काढता येतो.

आधी घटना थोडक्यात

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा मंजूर केला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. मार्च ते मे या काळात सैनिकांच्या तुकड्या घरोघरी फिरून आजारी माणसं शोधू लागल्या. रुग्ण सापडला की त्याला हॉस्पिटलात, त्याच्या घरच्यांना वेगळ्या छावणीत न्यायचं, घर धुऊन काढायचं, सामान जाळायचं, असा क्रम होता.

२२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट लगेच मेला, रँड ३ जुलैला. पुढे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तीन चापेकर बंधू आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फाशी गेले.

आता हाच परिच्छेद पुन्हा वाचा. त्यात नावानिशी किती मृत्यू आहेत? दोन अधिकारी आणि चार फाशी, म्हणजे सहा. ज्या साथीमुळे हे सगळं घडलं, तिच्यात गेलेल्या एकाही माणसाचं नाव त्यात नाही. आपण सगळे हा प्रसंग असाच शिकलोय. संशोधनाचा पहिला प्रश्न इथेच आहे.

इतिहास: आकडा कसा तयार होतो?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणेल, "सोपं आहे. सरकारी अहवाल काढू आणि मृतांचा आकडा बघू." अहवाल आहेत, भरपूर आहेत. मुंबईच्या साथीवर गॅटेकरचा अहवाल आहे, मुंबई इलाख्यातल्या प्लेग व्यवस्थेवर काउचमनचा आहे. आकड्यांचे तक्तेच्या तक्ते आहेत.

पण तो आकडा कसा जमला असेल, याचा विचार करा. समजा, १८९७ च्या एप्रिलमध्ये तुमच्या घरात कोणी गाठ येऊन गेलं. तुम्ही ते कळवलं तर काय होणार? शिपाई घरात येणार, देवघर-स्वयंपाकघर काही न बघता फिरणार, बाकीच्यांना छावणीत नेणार, सामान जाणार. मग तुम्ही कळवाल का? त्या वेळच्या सरकारी अहवालांतच तक्रार आहे की लोक रुग्ण लपवतात, मृतदेह गुपचूप पुरतात, मृत्यूचं कारण भलतंच सांगतात. कित्येक जण शहर सोडून गावी गेले. त्यातले जे तिकडे मेले ते पुण्याच्या हिशेबात येणार कसे?

म्हणजे मृत्यूची नोंद आणि नोंद घेण्यासाठी केलेली सक्ती या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. जिथे सक्ती जास्त, तिथे लपवाछपवी जास्त, आणि लपवाछपवी जास्त तिथे नोंद अपुरी. त्यामुळे तक्त्यातला आकडा 'खरा की खोटा' एवढंच विचारून भागत नाही. 'हा आकडा कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या भीतीतून तयार झाला?' हा संशोधनाचा प्रश्न झाला. तो घेऊन तुम्ही दफ्तरखान्यात गेलात तर त्याच तक्त्यात वेगळं काही दिसायला लागतं. एका पेठेत आकडा अचानक खाली का आला? साथ ओसरली, की माणसं पळाली?

यात आणखी एक कडू गोष्ट आहे. झडत्यांमागचं शास्त्रच तेव्हा अर्धवट होतं. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसापर्यंत येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे माणसांना घराबाहेर काढलं जात होतं आणि उंदीर घरातच होते.

जे सिद्ध करता आलं नाही त्याचं काय?

हिंसेवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग दोनदा वाचावा असं मला वाटतं.

१८९७ च्या उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात सांगितलं की झडत्यांच्या वेळी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले. मोठी खळबळ झाली. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. पत्र लिहिणाऱ्यांची नावं ते उघड करू शकले नाहीत आणि आरोप सिद्धही करता आला नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली.

सरकारी बाजूने हे प्रकरण तिथे मिटलं. पण संशोधकासाठी मिटतं का? त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेबद्दल तक्रार केली होती. १८९७ च्या पुण्यात एखाद्या घरातली बाई, किंवा तिच्या वतीने तिचे वडील-भाऊ, साहेबापुढे उभं राहून नाव-गाव सांगत अशी तक्रार नोंदवतील याची शक्यता किती होती? 'पुरावा मिळाला नाही' आणि 'घडलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्याचबरोबर 'पुरावा मिळाला नाही' आणि 'घडलंच असणार' हीसुद्धा वेगळी वाक्यं आहेत. या दोन्ही बाजूंना न घसरता मधल्या जागेत उभं राहायचं, हेच आपलं काम.

मग लिहायचं काय? लिहायचं ते मौनाबद्दल. तक्रार करायची तर कुठे करायची होती? कोणत्या भाषेत? ऐकणारा कोण होता? तक्रार करणाऱ्याचं पुढे काय होत होतं? या प्रश्नांची उत्तरं कागदांतून देता येतात. आणि ती दिली की मौन रिकामं राहत नाही, त्याचा आकार दिसतो.

साहित्य: कवितेवर चाललेला खटला

साहित्याचे विद्यार्थी म्हणतील, "यात आमचं काय?" तुमचं बरंच काही आहे. रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि 'शिवाजीचे उद्गार' नावाची कविता छापून आली होती. त्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. वृत्तांतात अफझलखानाच्या वधाचं समर्थन होतं. सरकार पक्षाचं म्हणणं असं की हा मजकूर वाचकांच्या मनात सरकारविरुद्ध द्वेष पेरतो.

आता कोर्टातलं दृश्य बघा. मराठी कवितेचं इंग्रजी भाषांतर पुढे ठेवलंय. शब्दाचा अर्थ हाच की तो, यावर वकील वाद घालतायत. नऊ ज्युरी आहेत, सहा युरोपीय आणि तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागतो, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी होते. ज्यांनी दोषी ठरवलं त्यांना मूळ मराठी वाचता येत नव्हतं.

वाङ्मयीन अभ्यासात आपण 'कलाकृतीत हिंसेचं चित्रण कसं आलंय' असं विचारतो. इथे प्रश्न उलटा आहे: 'कलाकृतीतच हिंसा आहे' हे कोण ठरवतं, आणि कोणत्या भाषांतरातून? असा प्रश्न घेतलात तर तुमचा आराखडा 'चित्रण' या शब्दाच्या पलीकडे जातो.

दुसरं टोक हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडा. त्यातही प्लेग येतो, पण तो घरातून दिसणारा, संसाराच्या बोलीत सांगितलेला. अहवालातला 'एक रुग्ण' तिथे कोणाचं तरी लेकरू असतो. ही आठवण बऱ्याच वर्षांनी लिहिली गेलीय, त्यामुळे तारखा तपासायला ती वापरू नका. भीती घरात कशी वावरत होती हे समजून घ्यायला जरूर वापरा. प्रत्येक साधनाला त्याच्या ऐपतीचाच प्रश्न विचारायचा.

तत्त्वज्ञान: हिंसा म्हणायचं कशाला?

गणेशखिंडीतल्या गोळ्या म्हणजे हिंसा, यावर वाद नाही. पण झडती? छावणी? चुलीपर्यंत आलेले बूट?

साथरोग कायदा अगदी छोटा, चार कलमांचा होता. त्याच्या चौथ्या कलमाने म्हटलं की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. म्हणजे झडतीत जे झालं त्याला कायद्याच्या भाषेत 'हिंसा' हे नाव मिळण्याची वाटच अरुंद झाली. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन याने १९२१ मध्ये हिंसेवर निबंध लिहिला. त्यात त्याने कायदा निर्माण करणारी हिंसा आणि कायदा टिकवणारी हिंसा असा भेद केला. त्याचा मूळ जर्मन शब्द 'गेवाल्ट' हिंसा आणि सत्ता या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. तो भेद या चौथ्या कलमाशेजारी ठेवून वाचा, मग निबंध एकदम जवळचा वाटायला लागेल.

हाना आरेंट १९७० च्या 'ऑन व्हायोलन्स'मध्ये सांगते की सत्ता आणि हिंसा एक नव्हेत. लोकांची साथ असते तेव्हा सत्ता असते. ती सुटायला लागली की हिंसा पुढे येते. रोग शोधायला डॉक्टरांच्या जोडीला सैनिक का लागले, या प्रश्नाला हे एक संभाव्य उत्तर आहे. योहान गाल्टुंगने १९६९ मध्ये 'संरचनात्मक हिंसा' ही कल्पना मांडली. कोणी गोळी न झाडताही व्यवस्थेमुळे माणसं टाळता येण्यासारखं मरण मरतात, हा तिचा गाभा. साथीत आधी कोण मेलं, कोणाच्या घराला हवा-उजेड नव्हता, हे विचारायला ती उपयोगी पडते.

एक सावधगिरी मात्र हवी. सिद्धांत आधी आणि पुरावा नंतर असं झालं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. चापेकरांचंच घ्या. 'प्लेगच्या जुलमामुळे रँडला मारलं' हे आपण एका ओळीत लिहून मोकळे होतो. पण दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त वाचलं तर दिसतं की त्यांचा राग प्लेगच्या आधीपासूनचा होता. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचंही ते सांगतात. धर्म, सुधारकांविषयीची चीड, परकी सत्ता, असं बरंच काही त्यात एकत्र आहे. आणि हे आत्मवृत्त अनेक अभ्यासकांपर्यंत पोचलं ते पोलिसांनी करवलेल्या इंग्रजी भाषांतरातून. पुन्हा तोच प्रश्न: नोंद कोणाची?

कोणाचं मरण आठवणीत राहतं?

१० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. हडपसरजवळ त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने उभारलेल्या दवाखान्यात ही सेवा चालली होती. रँडचा मृत्यू आणि सावित्रीबाईंचा मृत्यू यांत चार महिन्यांचंही अंतर नाही, साथ एकच, शहर एकच. तरी कितीतरी वर्षं आपल्या पाठ्यपुस्तकांत हे दोन मृत्यू वेगवेगळ्या धड्यांत राहिले: एक 'क्रांतिकारक' या धड्यात, दुसरा 'समाजसुधारक' या धड्यात. ज्युडिथ बटलर विचारते की कोणाचं आयुष्य शोक करण्याजोगं मानलं जातं. आपल्याला त्यात भर घालता येईल: कोणाचा मृत्यू कोणत्या धड्यात जातो? आणि त्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी ज्यांची सेवा केली, त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत?

हा सगळा मामला जुना वाटत असेल तर एवढंच लक्षात घ्या. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी हाच १८९७ चा कायदा लागू केला. त्याच वर्षी केंद्राने त्यात दुरुस्ती करून 'हिंसेचे कृत्य' या शब्दांची व्याख्या पहिल्यांदा घातली. ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर होणाऱ्या हिंसेची आहे, आणि तिची गरज होतीच. पण रुग्णाच्या बाजूने त्या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न कायद्यात अजून उघडाच आहे.

तुमच्या आराखड्यासाठी

तुमचा विषय फाळणी असो, दुष्काळ असो, दंगल असो की एखादी कादंबरी, लिहायला बसण्याआधी कागदावर चार ओळी लिहा. एक, या मृत्यूची नोंद कोणी केली आणि का केली? दोन, कोणत्या भाषेत केली, आणि मला ती मुळातून वाचता येते का? तीन, नोंद होऊ नये असं कोणाला वाटत होतं? चार, त्या काळातले लोक या गोष्टीला काय म्हणत होते? चौथी ओळ बारीक वाटेल, पण जुन्या वृत्तपत्रांच्या फायली 'हिंसा' हा शब्द घेऊन चाळाल तर हाती फार थोडं लागेल. 'जुलूम', 'झडती', 'बळजबरी' हे शब्द घेऊन बसा, मग पानं बोलायला लागतात.

या चार ओळींची उत्तरं नीट देता आली तर मुलाखतीतला "कोणाचा मृत्यू?" हा प्रश्न तुम्हाला अडवणार नाही. तुमचा प्रबंधच त्या प्रश्नापासून सुरू होईल.