नुसते बाण मारून कंटाळलात? हे खेळून बघा

सहा बाण मारा, चालत जा, उपटून आणा, पुन्हा मारा. तिरंदाजीचा सराव असाच चालला तर डोकं बधिर होतं.

म्हणून सरावात अधूनमधून खेळ घ्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त रंगतो तो फुली-गोळा. मोठ्या कागदावर नऊ चौकोन आखायचे, दोघांच्या बाणांची पिसं वेगळ्या रंगाची हवीत. ज्या घरात बाण लागेल ते तुमचं, एका ओळीत तीन घरं मिळवली की जिंकलात. रेषेवर बसलेला बाण कोणाचा, हे आधीच ठरवा, नाहीतर अर्धा वेळ वादात जातो!

लक्ष्यावर लावलेले फुगे फोडायला लहान मुलांना भारी आवडतं, पण वाऱ्यात डुलणारा फुगा मोठ्यांचाही घाम काढतो.

थोडं टेन्शन हवंय? रिकर्व्ह धनुष्याच्या स्पर्धांमधली सेट पद्धत घ्या: प्रत्येकी तीन बाण, सेट जिंकला तर 2 गुण, बरोबरीत 1-1, आधी 6 गाठेल तो विजेता. 5-5 झाले तर एकेक बाण, केंद्राच्या जवळचा जिंकला. प्रत्येक बाणाला 20 सेकंद लावा, मग हात कसे थरथरतात बघा.

कंपाउंड धनुष्यवाल्यांसाठी ओजस देवतळे चॅलेंज: 15 बाण, 150 गुण. नागपूरच्या या पठ्ठ्याने 2023च्या जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये, 50 मीटरवरून, ते करून दाखवलंय. तुम्ही खुशाल 15 मीटरपासून सुरू करा.

आणि हो, सगळ्यांनी धनुष्य खाली ठेवल्याशिवाय बाण आणायला कोणीही पुढे जायचं नाही. उपटताना मागे कोणी उभं नाही ना, तेही बघा. नॉक, म्हणजे बाणाचं मागचं टोक, थेट डोळ्याच्या उंचीवर येतं.