एकाच मूळपेशीची निरनिराळी संतती

फळमाशीच्या भ्रूणात भावी चेतारज्जूच्या प्रत्येक अर्धखंडात सुमारे ३० चेतामूळपेशी तयार होतात. पेशी कुठे उगवली, यावर तिची पहिली ओळख ठरते. विंगलेस, गूजबेरी ही जनुके पुढून मागे पट्टे आखतात, तर व्हीएनडी, आयएनडी, एमएसएच ही मध्यरेषेपासून बाहेरच्या दिशेने.

खरी गंमत त्यानंतरची. एकच मूळपेशी पुन्हापुन्हा विभागते आणि दर खेपेस वेगळी संतती देते, कारण ती हंचबॅक, क्रुपेल, पीडीएम, कॅस्टर ही जनुके ठरल्या क्रमाने चालू करते. यांतले हंचबॅक म्हणजे आधी शरीराचे खंड पाडणारेच जनुक. इथे ते दुसऱ्या कामाला लागते. ‘७-१’ या मूळपेशीत हा क्रम स्वच्छ दिसतो. तिच्यापासून यू-१ ते यू-५ या प्रेरक चेतापेशी निपजतात: पहिल्या दोन हंचबॅकच्या अमलात, तिसरी क्रुपेलच्या, चौथी पीडीएमच्या, पाचवी कॅस्टर आल्यावर. हंचबॅक चालूच ठेवले, तर मूळपेशी सुरुवातीच्याच तऱ्हेच्या पेशी काढत बसते. काढून टाकले, तर पहिल्या दोन गायब होतात, पुढच्या मात्र येतात. ओरेगन विद्यापीठातील ख्रिस डो यांच्या प्रयोगशाळेने हा क्रम २००१ मध्ये मांडला.

शेवटची वाटणी नम्ब प्रथिनाची. मूळपेशीपासून सुटलेली कन्यापेशी सहसा एकदाच विभागते. त्यातून होणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीकडेच नम्ब जाते, तिच्यात नॉच या प्रथिनाचा संदेश दबतो आणि दोघींच्या वाटा वेगळ्या होतात.