उन्हाने गेलेल्यांची नोंद

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. हा आकडा उष्माघाताचे दाखले मोजून मिळालेला नाही. संशोधकांना महिन्यातले सगळेच मृत्यू मोजून आधीच्या वर्षांशी ताडून पाहावे लागले. २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा लागू झाला तो यानंतर. ऊन जेवढी माणसं मारतं तेवढी ती दाखल्यांवर का दिसत नाहीत, याचं बरंचसं उत्तर आजारांच्या वर्गीकरणात आणि ते भरणाऱ्या हातांत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत उष्णतेचे परिणाम ‘टी ६७’ या संकेतांकाखाली येतात, तेही दुखापती आणि विषबाधेच्या प्रकरणात. म्हणजे ऊन लागणं ही बाहेरून झालेली इजा मानली आहे, आणि ते योग्यच आहे. बराच वेळ उभं राहिल्यावर रक्त पायांत साठून येणारी घेरी, पावलांवरची सूज, घामावाटे मीठ गेल्याने पोटऱ्यांत येणारे गोळे, पाणी किंवा मीठ कमी पडून येणारी ग्लानी, अशा प्रत्येकाला इथे वेगळा उपसंकेतांक आहे. घामोळं मात्र त्वचारोगांत गेलं आहे.

खरा प्रश्न ‘टी ६७.०’चा, म्हणजे उष्माघाताचा. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर जाणं आणि मेंदूचं काम बिघडणं (बरळणं, झटके, बेशुद्धी), ही त्याची ओळख. ‘घाम थांबून अंग कोरडं पडलं तरच उष्माघात’ हा समज घातक आहे. भर उन्हात राबणारा मजूर, कवायत करणारा जवान, धावणारा खेळाडू काही तासांत कोसळतो, तेव्हा त्याचं अंग घामाने निथळत असू शकतं. दुसरा प्रकार संथ असतो. पत्र्याच्या खोलीतली म्हातारी माणसं, तान्ही मुलं, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण दोन-चार दिवसांत हळूहळू खचत जातात. काखेतला थर्मामीटर दोन्ही प्रकारांत फसवतो. आतलं तापमान गुदद्वारातून मोजावं लागतं. पॅरासिटामॉलचाही इथे उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. आधी रुग्णाला गार पाण्याने थंड करायचं, मग हलवायचं, हा क्रम जीव वाचवतो.

व्याख्या नेमकी आहे, पण मोजणीत तीच आड येते. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांना शेवटचं कारण आणि त्याच्या मुळाशी असलेलं कारण असं साखळीने लिहायचं असतं. मूळ कारण नैसर्गिक उष्णता असेल तर त्याला ‘एक्स ३०’ हा संकेतांक आहे. पण जिवंतपणी तापमान कुणी मोजलंच नसेल तर? शवविच्छेदनातही फक्त उष्माघाताचीच म्हणता येईल अशी खूण सापडत नाही. निदान परिस्थितीवरून, इतर कारणं वगळत करावं लागतं. तेवढी चौकशी झाली नाही की दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडणे’ उरतं आणि ऊन यादीबाहेर जातं.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हाने १४ जणांचा बळी घेतला. ते मोजले गेले, कारण लाखोंच्या समोर, उघड्या मैदानावर माणसं कोसळली. तिथे विदर्भासारखे ४५ अंश नव्हते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही, म्हणून कमी पाराही पुरेसा होतो. घरात, एकट्याने, आधीचा आजार अंगावर असताना जाणाऱ्याला असे साक्षीदार नसतात. माझ्या मते आपल्याकडची खरी मोठी संख्या याच लोकांची आहे, आणि नवा संकेतांक काढून ती सापडणार नाही.

त्यासाठी रुग्णालयात आणलेल्या प्रत्येक बेशुद्ध रुग्णाचं आतलं तापमान दारातच मोजून वेळेसह लिहायला हवं. मृतावस्थेत आणलेल्याची खोली, छत, पंखा, कामाचे तास यांची नोंद हवी. नातेवाइकांनीही डॉक्टरांना हे आपणहून सांगावं, आणि दाखला हाती आल्यावर त्यात उन्हाचा उल्लेख नसेल तर का नाही, हे विचारावं.