अमेरिकेतील आद्य नॉर्वेजियन वसाहतकारांच्या इतिहासाचे जतन : साधने, संस्था आणि मर्यादा

प्रस्तावना

स्थलांतरितांचा इतिहास बहुधा दोन देशांच्या मधोमध हरवतो. मायदेशाच्या इतिहासात निघून गेलेल्यांना आणि नव्या देशाच्या इतिहासात उशिरा आलेल्यांना दुय्यम स्थान मिळते. नॉर्वेतून १८२५ नंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक अमेरिकेत गेले. त्यांतील बहुसंख्य लोक शेतकरी, कूळ व मजूर होते. अशा सामान्य माणसांचा इतिहास कोणत्या साधनांत टिकला, तो कोणी टिकवला आणि आज त्यापुढे कोणती अडचण आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जुलै १८२५ मध्ये 'रेस्टॉरेशन' हे लहान गलबत स्टावांगर बंदरातून ५२ माणसे घेऊन निघाले. वाटेत एका मुलीचा जन्म झाला व ९ ऑक्टोबर रोजी ५३ जण न्यूयॉर्कला पोहोचले. प्रवाशांत क्वेकर पंथीय व धर्मसुधारक हाउगे यांचे अनुयायी होते. क्लेंग पीअर्सन याने आधीच अमेरिकेत जाऊन जागेची पाहणी केली होती. गलबताच्या आकारमानाच्या मानाने प्रवासी अधिक असल्याने ते जप्त झाले; पुढे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी माफी दिली. ही मंडळी प्रथम न्यूयॉर्क राज्यातील केंडॉल येथे आणि १८३४ पासून इलिनॉयमधील फॉक्स नदीच्या खोऱ्यात वसली. तेथून विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा व डकोटा असा वसाहतींचा विस्तार झाला.

इतिहासाची साधने

या इतिहासाचे सर्वांत बोलके साधन म्हणजे वसाहतकारांनी मायदेशी पाठवलेली 'अमेरिका-पत्रे'. पत्र नेहमी ज्याला लिहिले त्याच्या घरी राहते. त्यामुळे अमेरिकेतील जीवनाचा हा मोठा पुरावा नॉर्वेतील खेड्यापाड्यांत विखुरलेला होता. इतिहासकार थिओडोर ब्लेगेन यांनी १९२८-२९ मध्ये नॉर्वेत राहून अशा पत्रांचा शोध घेतला. १९५५ मध्ये त्यांनी निवडक पत्रांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला.

दुसरे साधन म्हणजे लुथरन चर्चमधील जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्या. मात्र तेथे नावांचा प्रश्न बिकट आहे. जुन्या रीतीनुसार हान्सचा मुलगा 'हान्सन' तर मुलगी 'हान्सदात्तर' असे. त्याला शेतवाडीचे नाव जोडले जाई व वाडी बदलली की तेही बदले. अमेरिकेत आल्यावर एकाच कुटुंबातील भावांनी वेगवेगळी आडनावे स्वीकारल्याचेही आढळते. साहजिकच केवळ नाव जुळले म्हणून व्यक्ती तीच, असे मानता येत नाही. दोन्ही देशांतील नोंदी ताडून पाहाव्या लागतात.

वस्तू व वास्तू हे तिसरे साधन होय. आयोवातील डेकोरानजीकच्या एगे कुटुंबाच्या ओंडक्यांच्या घरात १८५३-५४ च्या हिवाळ्यात धर्मोपदेशक कोरेन व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना आसरा मिळाला होता. ते घर आज संग्रहालयात जतन केलेले आहे आणि एलिझाबेथ यांची त्या काळातील रोजनिशीही उपलब्ध आहे. घर पाहून जागेची अडचण कळते, तर त्या अडचणीत दोन कुटुंबांनी दिवस कसे काढले ते रोजनिशीवरून कळते. दोन्ही साधने परस्परपूरक आहेत.

महाविद्यालयांचे योगदान

या जतनकार्याचा आरंभ महाविद्यालयांच्या आवारात झाला, हे विशेष उल्लेखनीय आहे. आज व्हेस्टरहाइम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाची सुरुवात डेकोरा येथील लूथर महाविद्यालयात १८७७ साली झाली. स्थलांतराच्या शताब्दी वर्षी, १९२५ मध्ये, मिनेसोटातील सेंट ओलाफ महाविद्यालयात नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास संस्था स्थापन झाली. कादंबरीकार व प्राध्यापक ओ. ई. रोलव्हाग तिचे पहिले सचिव होते, तर ब्लेगेन यांनी प्रकाशनांची जबाबदारी सांभाळली. प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांच्या कागदपत्रांना ग्रंथालयात स्थान दिले, असे या कार्याचे स्वरूप होते.

भाषेचा प्रश्न

तथापि कागद टिकणे आणि तो वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या महायुद्धकाळात परभाषांविषयी संशय वाढला. मे १९१८ मध्ये आयोवाच्या राज्यपालांनी शाळा, सार्वजनिक ठिकाणे, दूरध्वनी आणि उपासना यांत इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई केली. पुढील पिढ्यांनी इंग्रजीची कास धरली. १८७४ पासून निघणारे 'डेकोरा-पोस्टन' हे नॉर्वेजियन वृत्तपत्र १९७२ मध्ये बंद पडले. आयनार हॉगेन यांनी वसाहतकारांच्या बोलीचा अभ्यास करून १९५३ मध्ये द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा ती बोली ओसरणीला लागली होती. आज अनेक घरांत पणजोबांची पत्रे असतात. परंतु ती जुन्या गॉथिक वळणाच्या लिपीत व अपरिचित भाषेत असल्याने वारसांना ती उलगडत नाहीत. म्हणून लिप्यंतर, अनुवाद व टिपणे यांविना केलेले संगणकीय प्रतिमांकन हे अर्धेच जतन ठरते.

स्मृतीची मर्यादा

जतन केलेली स्मृती एकांगी असू शकते. ऑगस्ट १८६२ मधील डकोटा युद्धात गुरी एन्ड्रेसन हिचा पती व मुलगा मारले गेले. तिने १८६६ मध्ये आईला लिहिलेले पत्र हृदयद्रावक आहे आणि तिच्या स्मरणार्थ स्मारकही उभारले गेले. परंतु ज्या भूमीवर ही शेते उभी राहिली ती डकोटा व अन्य मूलनिवासींकडून करारांद्वारे व बळाने घेतलेली होती, ही बाब कौटुंबिक इतिहासांत क्वचितच येते. कॅरन हॅन्सन यांच्या २०१३ मधील ग्रंथाने स्कँडिनेव्हियन वसाहतकार व डकोटा यांचा इतिहास एकत्र मांडून ही उणीव काही अंशी भरून काढली.

निष्कर्ष

१. स्थलांतरितांची साधने दोन्ही देशांत विभागलेली असल्याने त्यांचे जतन संयुक्तपणेच होऊ शकते.
२. सामान्य कुटुंबांची कागदपत्रे वेळीच संकलित करण्यात महाविद्यालये मोलाची भूमिका बजावू शकतात.
३. भाषा व लिपी वाचणारे अभ्यासक तयार न झाल्यास सुरक्षित ठेवलेली साधनेही मुकी होतात.
४. वसाहतकारांच्या कष्टांबरोबर विस्थापितांच्या हानीची नोंद घेतल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही.

२०२५ मध्ये या स्थलांतरास दोनशे वर्षे पूर्ण झाली. पहिल्या प्रवाशांच्या आठवणी सांगणारे आता कोणी उरलेले नाही. यापुढे बोलतील ती केवळ त्यांची पत्रे, आणि तीही वाचणारा असेल तरच.